गावठी, हुशार आणि स्वतःच्या मर्जीची: पिल्लाला वळण लावताना

"आमचे पिल्लू फार हट्टी आहे," असे कुणी म्हटले की मी आधी एक परीक्षा घ्यायला सांगते. घराचे दार लावा, टीव्ही बंद करा, हातात उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा घ्या आणि एकदाच 'बस' म्हणा. बसले तर शब्द कळलेला आहे. मग ते रस्त्यावर बसत नसेल, तर तिथे तुमच्या तुकड्यापेक्षा मोलाचे काहीतरी चालले आहे एवढेच. घरातही बसले नाही, तर त्याला अजून कुणी शिकवलेलेच नाही. दोन्ही वेळा काम आपल्याकडेच राहते. 'हट्टी' म्हणून हात झटकता येत नाहीत.

मी गोव्यात माशेलला राहते, घरी ब्लाउज शिवते आणि गावच्या जत्रेतल्या नाटकाला प्रॉम्प्टिंग करते. हे शेवटचे उगाच सांगत नाही, पुढे लागणार आहे. आमची मिरी गावठी. काळी कुळकुळीत, पुढचे पंजे पांढरे, एक कान कायम उभा आणि दुसरा मनाला येईल तसा. बाजाराच्या मागे कुणीतरी आणून टाकलेल्या पिल्लांतली ती. नर पिल्ले लोकांनी आधी उचलली, ही मादी म्हणून मागे राहिली.

गावठी कुत्रे माणसाजवळ हजारो वर्षे राहिले, पण हुकमावर नाही. खायला कुठे मिळेल, कुठली गाडी थांबेल, कुणाच्या हातात दगड आहे, हे ज्याने स्वतः ओळखले ते जगले. लॅब्रॅडोरचे तसे नाही. मारलेले पाखरू तोंडात धरून माणसाला आणून द्यायचे, या कामासाठी त्याच्या पिढ्या निवडल्या गेल्या. माणसाच्या तोंडाकडे बघत राहणे त्याच्या अंगातच आहे. याउलट डॅशहुंडला बिळात एकट्याने शिरून तिथल्या तिथे निर्णय घ्यायचा असे, आणि बीगलने नाक खाली घातले की त्याला आपला आवाजही पोहोचत नाही. तेव्हा तुमच्याकडे गावठी असो, डॅशहुंड असो की बीगल, ते आपल्या स्वभावाप्रमाणेच वागते आहे. प्रत्येक वेळी ते मनात विचारते, 'हे केले तर मला काय?' या प्रश्नाला चांगले उत्तर तयार ठेवणे हीच सगळी शिकवणी.

शेजारच्या वयनीचा सल्ला मात्र ठरलेला: "एक थापट मार गो, सारकें जातलें" (एक थप्पड मार, ठीक होईल). थापट मारल्यावर पिल्लू क्षणभर थांबते, म्हणून माणसाला वाटते उपाय लागू पडला. पिल्लू शिकते ते वेगळेच: हा हात जवळ आला की मागे सरकायचे. मग हेच पिल्लू मोठे झाल्यावर गळ्यातला पट्टा धरू देत नाही, कान तपासू देत नाही, आणि आपण पुन्हा म्हणतो, हट्टी आहे.

'त्याला दाखव मालक कोण ते' या सल्ल्याचे मूळही मी एकदा शोधून वाचले. रुडॉल्फ शेंकेल नावाच्या शास्त्रज्ञाने स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवरचा अभ्यास १९४७ साली मांडला. बंदिस्त जागेत एकत्र ठेवलेले लांडगे वरचढपणासाठी भांडत होते, त्यावरून 'कळपाचा म्होरक्या' ही कल्पना पसरली आणि कुत्र्यांनाही चिकटली. पुढे डेव्हिड मेक यांनी मोकळ्या रानातले लांडगे वर्षानुवर्षे पाहिले आणि १९९९ मध्ये स्पष्ट लिहिले की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची पोरे. म्होरकेपणासाठी रोज लढाई नसते. तेव्हा पिल्लाला उताणे पाडून दाबून धरणे, त्याच्या आधी आपण जेवणे, असले प्रकार सोडून द्या. उताणे दाबलेले घाबरलेले पिल्लू चावू शकते, आणि चूक त्याची नसते.

आता खाऊ. इथे लोक सगळ्यात जास्त कंजुषी करतात. दुकानातून बिस्किटांचा एक पुडा आणतात, तेच बिस्कीट घरात, तेच अंगणात, तेच समोरून दुसरा कुत्रा येत असताना. पिल्लाच्या मनात पदार्थांची एक उतरंड असते, ती आधी तुम्हाला माहीत हवी. मिरीची अशी आहे: तळाशी तिचे रोजचे कोरडे खाणे, त्यावर पोळीच्या कडेचा तुकडा (म्हणजे आपला भुश्श्याचा पाव, सायकलवरून पाव विकणाऱ्या पोदेराकडचा), मग उकडलेले अंडे, मग चिकन, आणि सर्वांच्या वर मीठ-मसाला न घालता उकडलेला बांगडा, काटे नीट काढून. घरातल्या सोप्या कामाला तळचा पदार्थ पुरतो. गेटच्या बाहेर चिकन. आणि जिवावर बेतणाऱ्या गोष्टींसाठी, म्हणजे हाक मारल्यावर परत येण्यासाठी, बांगडा. तो एरवी कधीच द्यायचा नाही, नाहीतर त्याची किंमत राहत नाही.

तुमच्या पिल्लाची उतरंड वेगळी असेल. दोन मुठींत दोन पदार्थ धरून बघा, कुठल्या मुठीशी जास्त वेळ नाक घासते ते. एक पिल्लू मी असे पाहिले की त्याला खाण्याचे काही नाही, पण चेंडूसाठी जीव टाकायचे. मग चेंडू हाच त्याचा बांगडा.

तुकडा वाटाण्याच्या दाण्याएवढा असावा. पिल्लू तुकडे मोजते, आकार मोजत नाही. खाऊचा वाटा दिवसाच्या एकूण खाण्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नको, आणि तेवढे जेवणातून कमी करा. सुके बांगडे, गालमो (सुकी बारीक कोळंबी) वगैरे खारवलेले देऊ नका, मीठ फार असते. कांदा, लसूण, द्राक्षे, बेदाणे, चॉकलेट ही कुत्र्याला विषारी आहेत. शिजवलेली हाडे फुटून टोकदार होतात, ती नकोतच. वेगवेगळ्या वासाचे तुकडे कमरेशी बांधता यावेत म्हणून मी ब्लाउजच्या उरलेल्या कापडाची दोन कप्प्यांची पिशवी शिवली, आतून रेनकोटचे कापड. प्लॅस्टिकची पिशवी खुळखुळते. मग पिल्लू आपले न ऐकता पिशवीचे ऐकायला लागते.

खाऊइतकीच महत्त्वाची आहे वेळ, आणि इथे माझे प्रॉम्प्टिंग कामाला आले. रंगमंचावर नट अडखळला की शब्द त्याच क्षणी द्यावा लागतो. जरा उशीर झाला की तो तिसरेच वाक्य बोलून गेलेला असतो, मग आपला शब्द त्याला उपयोगाचा नाही, उलट गोंधळात टाकतो. आणि सगळ्याच ओळी आधीपासून मोठ्याने सांगत बसलो तर नट संहिता पाठच करत नाही. प्रॉम्प्टर आहे ना! पिल्लाचेही तसेच. मिरीचे बूड जमिनीला टेकले त्या क्षणी मी 'हां!' म्हणते. खाऊ नंतर सेकंदाभरात येतो, पण 'हां' नेमक्या जागी पडायला हवे. ती उठता उठता खाऊ मिळाला तर ती उठायला शिकते. आणि 'बस, बस, बस, अगं बस की' असे चारदा म्हटले तर पिल्लू चौथ्या 'बस'ची वाट बघायला शिकते. एकदा म्हणा आणि गप्प राहा. तीन-चार सेकंद गप्प राहणे माणसाला फार जड जाते, पण हट्टी पिल्लू तेवढ्यात विचार करत असते. त्याला करू द्या.

'हां' ऐवजी काहीजण टिकटिक वाजणारा क्लिकर वापरतात. ही पद्धत १९४० च्या दशकात स्किनर या मानसशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकलेल्या ब्रेलँड दांपत्याने प्राण्यांवर वापरात आणली. फायदा एवढाच की आवाज नेहमी सारखा येतो, आपल्या रागलोभाचा सूर त्यात येत नाही. दाबायचे बॉलपेनही चालते. मला हातात कात्री असते म्हणून तोंडाचा शब्द सोयीचा. कुठलाही आवाज घ्या, आधी नुसताच आवाज आणि लगेच खाऊ असे पाच-सात वेळा करा. आवाज आला की पिल्लू तुमच्याकडे मान वळवू लागले म्हणजे ते तयार झाले.

'बस' शिकवायची रीत सोपी आहे. तुकडा नाकापाशी धरा आणि हळूच डोक्यावरून मागे न्या. नाक वर गेले की बूड खाली जाते. हां, खाऊ. चार-पाचदा झाल्यावर हात तसाच न्या पण रिकामा, खाऊ दुसऱ्या हातातून किंवा पिशवीतून द्या. हे लवकर करायचे, नाहीतर पिल्लू हातात काही दिसल्याशिवाय बूड हलवत नाही, आणि मिरीसारखी असेल तर आधी मूठ उघडून दाखवायला लावते. हाताची खूण पक्की झाली की तिच्या किंचित आधी शब्द जोडा. कंबर खाली दाबून बसवू नका. दाबले की पिल्लू उलट वर जोर लावते.

एका वेळी दोन-तीन मिनिटे पुरे. इस्त्री तापेपर्यंत, भाताची शिटी होईपर्यंत, अशा फटींत मी शिकवते. पिल्लाला अजून हवे असतानाच थांबायचे. कंटाळलेल्या पिल्लाकडून 'शेवटचे एकदा' करून घेण्याचा आपला जो हट्ट असतो, तो त्याच्या हट्टापेक्षा मोठा असतो.

आता हाक. बाकी काही शिकवले नाही तरी चालेल, पण हाक मारल्यावर यायला हवेच. आमच्याकडे तर हा जिवाचा प्रश्न आहे. जवळच कुंभारजुव्याचा कालवा, त्यात मगरी. पर्यटकांना होडीतून दाखवायला नेतात. खाजणाच्या (खाऱ्या पाण्याकाठच्या शेताच्या) बांधावर पिल्लू खेकड्याच्या मागे लागले तर तुमचा आवाज त्याला थांबवणारा हवा. आणि खरे सांगायचे तर तिथे कितीही शहाण्या कुत्र्याला मोकळे सोडू नये.

हाकेचा शब्द नावापेक्षा वेगळा ठेवा. नाव आपण दिवसभर घेतो, 'मिरी, ते सोड', 'मिरी, काय केलेस हे', त्यामुळे नावाला धार राहत नाही. आमचा शब्द 'येऽऽ मिरू', लांबवून. आधी दोन पावलांवरून, घरात. मग दुसऱ्या खोलीतून. मग अंगणात लांब दोरीवर. पिल्लू आले की एक तुकडा देऊन थांबू नका; एकामागून एक चार-पाच द्या, तोंडाने कौतुक करा, आणि, हे फार महत्त्वाचे, पुन्हा मोकळे सोडा. हाक मारली की खेळ संपतो, साखळी लागते, आंघोळ होते, असे दोनचारदा घडले की स्वतंत्र बुद्धीचे पिल्लू हिशोब करते आणि येत नाही. त्यात त्याचे काय चुकले? आंघोळ घालायची असेल तर हाक न मारता स्वतः जाऊन उचलून आणा. उशिरा आले तरी रागावू नका, कारण रागावणे 'आल्या'वर पडते, 'उशिरा'वर पडत नाही. आणि पिल्लू पळाले तर मागे धावू नका, ते त्याला खेळ वाटते. उलट्या दिशेला टाळ्या वाजवत पळा. रस्त्यावर लोक बघतात, बघू देत.

आमची खरी अडचण होती पोदेर. सकाळी सायकलचा पों-पों आवाज आला की मिरी गेटच्या सळ्यांखालून बाहेर. पोदेराचा सूर तिला माझ्या हाकेपेक्षा गोड. मी त्याच्याशी स्पर्धा सोडून दिली आणि त्याचाच उपयोग केला. गेटला खालून जाळी लावली, मिरीला लांब दोरी बांधली, आणि पों-पों ऐकू आले रे आले की मीच अंगणाच्या दुसऱ्या टोकाला 'येऽऽ मिरू' करून बांगडा काढायचा. सुरुवातीला दोरीने अडायची, कान गेटकडे, तोंड माझ्याकडे. हळूहळू तिच्या मनात पक्के बसले: भोंगा वाजला की बांगडा सासूबाईंच्या तुळशीपाशी मिळतो. आता पोदेर दोन वाड्यांपलीकडे असला तरी ती धावत येऊन माझ्यापुढे बसते, आणि मी नाही दिसले तर सासूबाईंपुढे. त्यांनी तेवढ्यासाठी बांगडा उकडून ठेवायला सुरुवात केली आहे. तुमच्याकडे पोदेर नसेल तर नुस्तेकार्न (मासेवाली) असेल, शाळेची बस असेल. ज्याने पिल्लू बेभान होते, तोच आवाज तुमच्याकडे बघण्याची खूण करून टाकता येतो, फक्त सुरुवात आवाज लांब असताना करावी लागते. अगदी जवळ आल्यावर कुठलेच पिल्लू शिकत नाही.

स्कूटरच्या मागे धावण्यावरही हाच उपाय. रस्त्यापासून इतक्या अंतरावर बसा की पिल्लाला स्कूटर दिसते पण ते उसळत नाही. स्कूटर दिसली, हां, खाऊ. गेली, खाऊ बंद. काही दिवसांनी दोन पावले पुढे. उसळले तर ओरडू नका, तुम्ही फार पुढे आलात, दोन पावले मागे या.

साखळीने पिल्लू ओढत असेल तर ओढ लागताच झाडासारखे स्तब्ध थांबा आणि काहीच बोलू नका; दोरी सैल झाली की चाला. पहिल्या दिवशी गेटपासून चिंचेपर्यंत जायला अर्धा तास लागतो. म्हणून घाई असेल त्या दिवशी फिरायलाच नेऊ नका. गळ्याला आवळणारी साखळी टाळा, छातीवरून जाणारा पट्टा घ्या. डांबर तापलेले असेल तर आधी हाताची मागची बाजू रस्त्यावर पाच सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसवत नसेल तर त्यालाही नाही. एप्रिल-मेमध्ये आमचे फिरणे सूर्य वर यायच्या आत आणि दिवेलागणीला.

दुसरा शब्द, ज्यावर मी वेळ खर्च करायला सांगेन, तो 'सोड'. आपल्याकडे अंगणात काय काय पडलेले असते: माशांची टाकलेली डोकी, पावसाळ्यात भेक (हा बेडूक तोंडात धरला तर त्वचेतल्या विषाने फेस येतो), मार्च ते मे काजीच्या झाडाखाली आंबलेले बोंडू (काजूची फळे). कच्च्या काजूबीच्या सालीतले तेल तर माणसाचेही हात भाजते. माझ्या घरात याखेरीज टाचण्या आणि दोरा. दोरा गिळलेला दिसला तर ओढून काढू नका, आतडी कापली जाऊ शकतात, तडक डॉक्टर गाठा.

'सोड' म्हणजे हिसकावणे नाही. तोंडात वस्तू असताना मागे लागलात तर पिल्लू गिळायची घाई करते. अदलाबदल करा: साध्या खेळण्यापासून सुरुवात, नाकापाशी चिकन, तोंड उघडले की 'हां', चिकन द्या, आणि खेळणेही परत द्या. हे परत देणे हट्टी पिल्लाला जिंकते. सोडले तरी आपले काही जात नाही, उलट वाढून मिळते, असा त्याचा अनुभव व्हायला हवा. मग ज्या दिवशी तोंडात खरोखर भयंकर काही असेल त्या दिवशी ते सोडेल.

शिवणयंत्राच्या कोपऱ्यात मिरीने येऊ नये म्हणून 'जागा' शिकवली, आणि हे मला सर्वांत आवडते, कारण यात मी जवळजवळ काहीच केले नाही. जुन्या गोधडीचा चौकोन कापून दाराशी टाकला. तिने त्याच्याकडे पाहिले, हां. एक पाय ठेवला, हां. चारही पाय, दोन तुकडे. बसली, तीन. आपणहून आडवी झाली तेव्हा मी यंत्राखाली घातलेले कापड तसेच थांबवून खाऊची सगळी मूठ गोधडीवर ठेवली. काही बोलले नाही, ओढले नाही. असल्या पिल्लांना स्वतः शोधून काढलेली गोष्ट फार पटते. आपण ढकलून दिलेली पटत नाही. मी शिवत असेन तेव्हा अधूनमधून, ती शांत पडलेली असताना, एखादा तुकडा तिच्याकडे जातो. कधी लगेच, कधी फार वेळाने. एकदा शिकलेली गोष्ट टिकवायला हा अनियमितपणाच लागतो. शिकवताना मात्र प्रत्येक वेळी द्यायचे.

चावण्याबद्दल थोडक्यात. दुधाचे दात पडून नवे येईपर्यंत, साधारण चौथ्या ते सातव्या महिन्यापर्यंत, पिल्लू सगळे चावते. साडीचा काठ धरला तर ओढाओढ करू नका, स्थिर व्हा आणि चिंध्यांची घट्ट वेणी पुढे करा. मी ती वेणी ओली करून फ्रीजमध्ये ठेवते. संध्याकाळी वेड्यासारखे चावत सुटले तर बहुधा झोप अपुरी आहे. लहान पिल्लाला दिवसाचे अठरा-वीस तास झोप लागते आणि आपल्या घरातली पोरे त्याला ती घेऊ देत नाहीत. लसी पूर्ण न झालेल्या पिल्लाचा दात लागून खरचटले तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि डॉक्टरकडे जा. गोवा २०२१ साली रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला, तो लसी टोचल्यामुळेच. म्हणून आता लस टाळली तर चालेल असा त्याचा अर्थ काढू नये.

शी-शूचे शिक्षण सोपे आहे, फक्त कंटाळवाणे: उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर, लगेच बाहेर, आणि झाल्याबरोबर तिथेच खाऊ. घरात केले तर गुपचूप पुसा. नाक त्यात घासण्याने पिल्लू फक्त तुमच्यापासून लपून करायला शिकते. आमच्याकडे खरी कसोटी जूनमध्ये लागते. गावठी पिल्लांना भिजणे मान्य नसते. मिरी दारात उभी राहून पावसाकडे असे बघायची की तो मीच पाडला आहे. शेवटी पडवीच्या कडेला, पत्र्याखाली, मातीचे एक पसरट घमेले ठेवले. हरले म्हणा हवे तर.

जग दाखवण्याची घाई मात्र करावी लागते. तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू ज्या गोष्टी भीती न वाटता पाहते, त्या त्याला पुढे आपल्या वाटतात. नेमक्या याच काळात लसी चालू असतात (पहिली सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास, शेवटची सोळाव्याच्या आसपास) आणि पार्व्हो या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो. म्हणून जमिनीवर न ठेवता कडेवर घेऊन फिरा: बसस्टॉप, भजनाची पेटी, छत्री उघडणारा माणूस, हेल्मेट घातलेला माणूस. आमच्या देवकीकृष्णाच्या देवळाच्या पटांगणात आषाढात चिखलकाला, म्हणजे चिखलात खेळण्याचा उत्सव, होतो. त्या गर्दीत पिल्लाला नेऊ नका, लांबच्या पडवीतून ढोल ऐकवा आणि खाऊ द्या. चतुर्थीचे फटाके, दिवाळीआधीची नरकासुर जाळण्याची रात्र, या दिवसांत दारे-खिडक्या बंद, पंखा चालू, आणि पिल्लू पलंगाखाली गेले तर जाऊ द्या. भ्यायलेल्याला जवळ घेतल्याने भीती वाढत नाही, हवे तेवढे कुरवाळा.

घरातल्या माणसांना शिकवणे सर्वांत कठीण. मुलगा 'कम' म्हणायचा, हे 'इकडे ये', सासूबाई 'यो गो'. पिल्लाला तीन वेगळे शब्द. त्यावर सासूबाई म्हणाल्या, "हांव म्हातारी, म्हजें उतर बदलूंक जायना" (मी म्हातारी, माझा शब्द बदलता येत नाही). मग सगळ्यांनी मिळून ठरवले आणि शब्दांची यादी फ्रीजवर चिकटवली, 'यो गो' हा सासूबाईंचा वेगळा शब्द म्हणून मिरीला निराळा शिकवला. आमच्या ह्यांना मात्र ताटातली पोळी टाकायची सवय. ती बंद केल्यावर मिरी जेवणाच्या वेळी आधीपेक्षा जास्त भुंकायला लागली. हे असेच होते: जे पूर्वी चालायचे ते बंद झाले की पिल्लू आधी दुप्पट जोर लावून बघते. त्या दिवसांत एक जरी तुकडा पडला तर जास्त जोर लावल्यावर मिळते असा धडा मिळतो. टिकून राहिलात तर भुंकणे उतरते. आम्ही जेवायला बसायच्या आधी तिच्या गोधडीवर तिचे खाणे ठेवायला लागलो, त्याने ह्यांचीही सवय सुटली.

सहा महिन्यांपासून वर्षा-दीड वर्षापर्यंत एक काळ येतो, शिकलेले सगळे विसरल्यासारखे वाटते. हाक ऐकते, बघते, आणि निघून जाते. पुष्कळ लोक नेमके याच वेळी कुत्र्याला कायमचे बांधून टाकतात. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याप्रमाणे आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणे हा गुन्हा आहे, हे माहीत असू द्या. त्यापेक्षा पुन्हा लांब दोरी लावा, उतरंडीतला वरचा पदार्थ काढा आणि घरातल्या सोप्या धड्यांपासून सुरू करा. दुसऱ्यांदा लवकर येते. याच वयात नसबंदीविषयी डॉक्टरांशी बोला. नको असलेली पिल्ले बाजारामागे जातात ती इथूनच.

पैसे देऊन शिकवणारा माणूस बोलावणार असाल तर त्याला एकच विचारा: कुत्र्याने ऐकले नाही तर तुम्ही काय करता? 'सोपे करून पुन्हा सांगतो' म्हणाला तर ठेवा. पट्ट्याला झटका, टोचणारी साखळी, विजेचा पट्टा यांचे नाव काढले तर चहा पाजून पाठवा. आणि लांब दोरी विकत घ्यायची गरज नाही. बॅगेला लावतात तो जाड पट्टा पाच मीटर आणा, टोकाला कडी अडकवून चौकटीत फुली घालून दोनदा शिवा. दोरा नायलॉनचाच घ्या, सुती दोरा आमच्या पावसात एका मोसमात कुजतो.